खाच कुणी तासायची

रावजी मिस्त्री मोठ्या तोऱ्यात गेणू सुताराची लेक सगुणा सून म्हणून बघायला आले, ते पाळण्याची दोन लाकडं घेऊनच. एकाची कूस, म्हणजे पुढं काढलेलं टोक, दुसऱ्याच्या खाचेत जाईना.

"बसव पोरी. खाच म्हणजे आमचं घर, कूस म्हणजे सून. आता तासायचं कुणाला?"

गेणू लेकीला ओळखून होता.

सगुणानं पटाशीनं कूस थोडी तासली, मग खाचही. सांधा घट्ट बसला.

"खाचेला हात लावलास?" रावजी गुरगुरले.

"मामा, नुसती कूसच तासली तर ती बारीक होऊन मोडेल. आणि पाळण्यात नातू तुमचाच असेल."

रावजींनी सांधा हलवून पाहिला. मग हळूच गेणूला म्हणाले, "व्याही, तारीख काढा. बाकीच्या खाचा मी घरी जाऊन तासतो."