भिंगरी आणि दरबाराची फरशी

एका राज्यात धृतिमान नावाचा राजा होता. त्याच्या दरबाराची संगमरवरी फरशी रोज सकाळी तेल लावून घासली जाई, इतकी की तीत छताची नक्षी दिसे. एकदा एक म्हातारा मांत्रिक तीवर पाय घसरून पडला. राजा हसला, म्हणून दरबारही हसला. मांत्रिक उठला, शाप देऊन निघून गेला, आणि खजिन्यातल्या मोहरांची खापरं झाली. शापाचे शब्द हसण्याच्या गोंगाटात कुणी ऐकलेच नाहीत.

त्याच साली राजकन्या मृणावतीच्या कुत्रीला एक पिल्लू झालं. ते जन्मतःच डुगडुगे. मान स्थिर राहत नसे, पाय टाकावा एकीकडे नि पडावा दुसरीकडे. मृणावतीने त्याचं नाव भिंगरी ठेवलं. वाडगं उंच धरून ती तिला भरवी, जिना उतरताना पोटाखाली शेल्याची झोळी धरी. भिंगरीला मात्र आपल्यात काही उणं आहे याची खबरच नव्हती. पडावं, उठावं, शेपूट हलवावी, असा तिचा दिनक्रम.

दरबारात आली की ती जास्तच पडे. राजज्योतिषी म्हणाला, सिंहासनाच्या तेजाने हिच्या अंगातला शाप चेकाळतो. खजिना हिनेच बुडवला. फरशीला तेल आहे, हे एवढ्या शहाण्यांच्या टाळक्यात शिरलं नाही. राजाने आज्ञा केली : पुनवेपर्यंत शाप उतरवा, नाहीतर कुत्रीला अरण्यात सोडा. अरण्यात लांडगे होते.

मृणावती भिंगरीला घेऊन काळ्या डोंगरावर गेली. तिथे मांत्रिकाची साळुंकी राही, तिला माणसाची वाणी होती. तिने भिंगरीला नाकापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं.

"हिच्यात शाप नाही. ही अशीच जन्मली, अशीच राहील."

"मग खजिना?"

"दरबारात पडलेल्याला राजा आपल्या हाताने उचलील, त्या क्षणी खापरांच्या मोहरा होतील. ही तीनदा पडेल. तू हात लावायचा नाहीस, राजाला सांगायचं नाहीस, डोळ्यांनी खुणवायचंही नाहीस."

पुनवेच्या सकाळी दरबार भरला. भिंगरी निघाली आणि मधोमध पडली. उठली, दहा पावलांवर पुन्हा पडली. मृणावतीने दोन्ही हात पाठीशी घट्ट धरले. इतकं कठीण काम तिने जन्मात केलं नव्हतं. तिसऱ्यांदा भिंगरी सिंहासनाच्या पायरीशी पडली, आणि काही केल्या तिला उठता येईना. शिपाई दोरी घेऊन पुढे सरसावले. भिंगरी राजाकडे पाहून शेपूट हलवीत होती.

कुणीतरी हसलं.

राजाने त्या बाजूला पाहिलं. मग तो स्वतः उतरू लागला, आणि खालच्या पायरीवर त्याचाही पाय घसरून तो गुडघ्यांवर आला. या वेळी कुणी हसलं नाही. राजाने फरशीवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग लेकीला करताना पाहिलं होतं तसाच त्याने भिंगरीच्या पोटाखाली हात घातला आणि तिला उभं केलं.

खजिन्यात मोहरा खणखणल्या.

त्या दिवसापासून दरबारात जाडजूड घोंगड्या अंथरल्या गेल्या, आणि त्या झटकण्याचं काम राजज्योतिष्याकडे आलं. भिंगरी त्यांवरही अधूनमधून पडे. जो जवळ असेल तो वाकून तिला उचली. राजा जवळ असेल तर राजा.