तळ्याकाठच्या टाळ्या

खूप वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की जिथे ती घडली त्या तळ्यालाही आता आठवत नसेल.

त्या तळ्यावर सदा धुकं पसरलेलं असायचं. एकच गाव, पण दोन काठांवर वसलेलं: थोडं उगवतीला, थोडं मावळतीला. मधे एक लांब दोर आणि दोराला बांधलेला तराफा. ज्या काठाला जायचं, त्या काठाला हाक मारायची. तिथली माणसं दोर ओढून आणायची. धुक्यातून पाहुणा हळूहळू उमटायचा, आधी पागोटं, मग हसू.

गावाला राजा नव्हता. दरवर्षी सगळे जमून, हात वर करून कारभारी निवडत. एका वर्षी मावळतीचा एक भला माणूस उभा राहिला. "मंडळी, दोर झिजलाय," तो सांगू लागला. माणसं जांभया देऊ लागली. बिचारा गडबडला आणि सहज बोलून गेला, "उगवतीच्यांचं काय सांगावं! सूर्य दारात उगवतो, तरी उठतात दुपारी."

मावळतीच्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

टाळीची चटक वाईट. पुढच्या सभेत तो आणखी तिखट बोलला, टाळ्याही वाढल्या. उगवतीचा उमेदवारही काही कमी नव्हता. मावळतीचा निवडून आला, कारभारी झाला आणि एक दिवस गरजला, "त्यांच्यासाठी दोर ओढायचाच कशाला? बुडेनात का!" त्या दिवशी टाळ्या वाजवून लोकांचे हात दुखले.

मग एका पहाटे उगवतीची एक कुंभारीण तापाने फणफणलेली लेक मांडीवर घेऊन तराफ्यावर बसली. वैद्य मावळतीला राहत. तिच्या काठावरच्यांनी तराफा ढकलून दिला, तो मधोमध येऊन थांबला. "अहो, ओढा हो कुणीतरी! पोर हातची चाललीय माझी!"

मावळतीला सगळ्यांना ऐकू येत होतं. कुणी हललं नाही. कारभारी मात्र धावत आला. त्याने दोर धरला, पण एकट्याला तो ओढवेना.

"अरे, या ना!" तो ओरडला.

"तुम्हीच म्हणालात ना, बुडेनात का?" एक म्हातारा म्हणाला.

"म्हणालो. पाप माझंच. पण दोराबद्दल बोललो तेव्हा तुम्ही जांभया दिल्यात, आणि विष ओकलं तेव्हा टाळ्या. मला हे बोलायला शिकवलं कुणी?"

म्हातारा आपल्या तळहातांकडे बघत राहिला. मग पुढे झाला आणि त्याने दोर धरला. त्याच्यामागे दुसरा आला, मग सगळे आले.

पोर वाचली. पण उशीर व्हायचा तो झालाच होता. तापाने तिचा एक कान बहिरा झाला, तो कायमचा. तिच्या आईने कुणालाच बोल लावला नाही, आणि सगळ्यांना तेच जास्त लागलं.

पुढच्या सभेत एक नवा उमेदवार उभा राहिला. त्याने नेहमीसारखी पलीकडच्यांची टर उडवली आणि टाळ्यांसाठी थांबला. कुणीही हात उचलला नाही. धुक्यात कुठेतरी पाणी हललं, तेवढंच ऐकू आलं. तो ओशाळून खाली बसला.

तात्पर्य: पुढाऱ्याच्या तोंडातलं वैर आपल्याच टाळ्यांवर पोसलं जातं; तेव्हा टाळी वाजवण्याआधी विचार करावा.