मलमलची पट्टी

"आता आणखी काय राहिलं, माई?"

कुंदाने विचारलं आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. माईंना कपडे नीट दिसावेत म्हणून.

पांढऱ्या मलमलचा कुडता, खाली फिकट निळी सलवार. वैशाखाचं ऊन अंगण भाजून काढत होतं, पण या बाईच्या अंगावर घामाचा डाग म्हणून नव्हता.

येसूमाई ओसरीवर गोधडीला टाके घालत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी तेव्हा मठाचा स्वयंपाक बघत असे. दारात तांदूळ निवडत बसले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. खरं सांगते, मला ही कुंदा फारशी आवडायची नाही. कौतुक करून घ्यायला आलेली माणसं मला लांबूनच ओळखू येतात.

होळीच्या सुमारास ती रडत आली होती. मन कशातच लागत नाही, जपाला बसलं की डोक्यात शंभर विचार, मला अनुग्रह द्या, असं म्हणत माईंच्या हात धुवून मागे लागली होती.

माई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "हा उन्हाळा स्वतः शिवलेलं घाल. तू आणि तुझी मुलं. विकतचं काही नको. शिवताना मन शिवणीत ठेव. मग ये."

आणि आता ती आली होती. सोबत चार वर्षांची राही, आणि नुकताच चालायला लागलेला निनाद. राहीच्या अंगात फुलाफुलांचा बिनबाह्यांचा फ्रॉक, निनादच्या अंगात पांढरं झबलं आणि चड्डी. सगळं घरचं.

"जवळ ये," माई म्हणाल्या.

कुंदा पुढे झाली. माईंनी कुडत्याची कड हातात घेतली आणि उलटी केली. कुणी काही शिवून दाखवलं की माई आधी आतली बाजू बघायच्या. तिथे लोंबणारे धागे आणि दडवलेल्या चुका सापडतात, असं त्यांचं मत.

"आत पण काही सापडणार नाही, माई," कुंदा म्हणाली. आवाजात हसू होतं.

माईंनी सगळी कड फिरवून पाहिली.

"नाही सापडत," त्या म्हणाल्या.

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. मी तांदळात डोकं घातलं.

"मन लागलं?" माईंनी विचारलं.

"लागलं, माई! मशीन सुरू झालं की मी कुठे आहे तेही कळायचं नाही. दुपारी ओसरीवर बसायचे, ती ऊन उतरेपर्यंत. शेजारणी म्हणायच्या, दोन लहान पोरं घेऊन हिला हे जमतं कसं?"

"कसं जमलं?"

"तुमची कृपा."

माईंच्या हातातली सुई थांबली.

"मशीनचं चाक फिरतं," त्या सावकाश म्हणाल्या. "खाली कात्री. सुया. दोन लेकरं घरात... आणि कुणी तुला हाक मारली नाही?"

"मारायची की. पण पुढे पुढे मला ऐकूच येईनासं झालं," कुंदा म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात ना, मन शिवणीत ठेव."

माईंनी निनादकडे पाहिलं.

निनाद मघापासून ओसरीच्या लाकडी खांबाला टेकून बसला होता. मला त्याचंच नवल वाटत होतं. या वयाची पोरं मठात आली की आधी घंटेकडे धावतात, मग माझ्या पिठाच्या डब्याकडे. हा बसवला तिथे बसून होता. मनात म्हटलं, शहाणं बाळ आहे.

माईंच्या मांडीवरचं दोऱ्याचं रीळ घरंगळलं. त्यांनी मुद्दाम सोडलं की आपसूक सुटलं, ते मला आजही सांगता येणार नाही. लाल दोऱ्याचं रीळ गडगडत निनादच्या पुढून गेलं आणि ओसरीच्या मध्ये जाऊन थांबलं.

निनाद खुदकन हसला. उठला, डुलत डुलत रिळाकडे निघाला.

आणि मध्येच थांबला.

रीळ अजून हातभर पुढे होतं. तो खाली बसला, मग पालथा पडला, हात लांब केला. एक पाय मात्र मागे तसाच ताणलेला, जणू कुणी धरून ठेवला होता. बोटं हवेत उघडमीट करत होती. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर रीळ मुठीत आलं असतं.

टाकलं नाही. थोडा वेळ त्याने रिळाकडे पाहिलं. रडला नाही, हट्ट केला नाही. उठून परत खांबाशी जाऊन बसला.

पायात काही रुतलं असेल म्हणून मी धावत गेले. तळवा पाहिला, काही नव्हतं. मग घोटा दिसला. उन्हाने सगळा पाय रापलेला आणि घोट्याभोवती बोटभर रुंदीचा गोरा पट्टा.

माझ्या काही लक्षात येईना. की येत होतं आणि मला ते नको होतं, देव जाणे.

तेवढ्यात राही त्याच्या कानाशी वाकली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "निनाद, आज बांधलं नाहीये. जा ना."

माझ्या हातातून त्याचा पाय सुटला.

निनाद जागचा हलला नाही.

"तसं नाही हो!" कुंदा एकदम बोलू लागली. "माझं ऐका तरी. चैत्रात त्याचं बोट मशीनच्या चाकात गेलं होतं. नख निघून आलं, माई! रक्ताने कापड भिजलं. हे सकाळी कामाला जातात, घरात दुसरं मोठं माणूस नाही. मी काय करणार होते? खांबाला बांधून ठेवलं म्हणजे निदान चाकापर्यंत तरी पोचायचा नाही. आणि मी काही सुतळीने नाही बांधलं..."

तिने पिशवीत हात घातला आणि एक पांढरी पट्टी काढून माईंच्या पुढ्यात ठेवली.

"बघा. दुहेरी मलमल आहे. आत जुन्या साडीचा थर घातलाय. कुठे काचायला नको म्हणून."

माईंनी पट्टी उचलली. सवयीने आतली बाजू बघायला गेल्या. उलटीसुलटी करून पाहिली, पुन्हा केली. तिला आतली बाजू नव्हतीच. दोन्हीकडून सारखी, टीप कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कळू नये इतकी सफाई. मी जन्मात एवढं नेटकं शिवण पाहिलेलं नाही.

"हे कधी शिवलंस?"

"त्याचं बोट सापडल्यावर, सगळ्यात आधी," कुंदा म्हणाली. "हे झालं, तेव्हा बाकीचं शिवता आलं."

"मन होतं यात?"

"हो."

"हं," माई म्हणाल्या. "या उन्हाळ्यातलं तुझं सगळ्यात चांगलं काम हे आहे."

कुंदाचा चेहरा उजळला. क्षणभरच. मग ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलं आणि चेहऱ्यावरचा रंगच उडाला. असा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

ती धावत ओसरीच्या मध्यावर गेली, रिळापाशी गुडघे टेकले आणि हात पुढे केले.

"निनाद, ये. ये ना रे बाळा. आईकडे ये."

आईला पाहून तो खुलला. उठला, हसत हसत निघाला. माझा जीव भांड्यात पडणार, इतक्यात तो नेमका तिथेच थांबला. एक पाय मागे. दोन्ही हात आईकडे पसरलेले.

"ये ना! काही नाहीये पायाला, बघ... ये!"

तो तिथूनच हात हलवत राहिला. आईनेच यायचं असतं, हे त्याला ठाऊक होतं. तो हसत होता, आणि ते हसणं मला बघवेना.

"माई!" कुंदा किंचाळली. "हे काय झालं माझ्या लेकराला?"

माई उठल्या. गुडघेदुखीने त्यांना उठायला वेळ लागायचा, पण मी हात द्यायच्या आत त्या निनादपाशी पोचल्या होत्या. खाली बसल्या, त्याचा तो पाय ओंजळीत घेतला आणि घोट्यावर कपाळ टेकलं.

मी थक्क झाले. समाधीखेरीज माईंनी कुठे डोकं टेकवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मोठमोठी माणसं मठात येऊन गेली, माईंची मान ताठ.

"शिवताना मन कुठे ठेवायचं ते मी सांगितलं," त्या पायाशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मुलं कुठे ठेवायची ते सांगायला हवं होतं."

मग त्यांनी पट्टी उचलली. आता चुलीत टाकायला देतील म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्या कुंदाकडे गेल्या आणि पट्टीचं एक टोक तिच्या घोट्याला बांधलं. चांगली पक्की गाठ मारली. कुंदाने पाय मागे घेतला नाही. ती नुसती बघत होती.

दुसरं टोक माईंनी निनादच्या मुठीत दिलं.

पट्टी त्याच्या ओळखीची होती. त्याने ती गालाला लावली, चोखून पाहिली, मग ओढली.

कुंदाचा पाय जरासा सरकला.

निनादचे डोळे विस्फारले. त्याने पुन्हा ओढलं. आई पुन्हा सरकली. तो खदखदून हसला, इतका मोठ्याने की समाधीवरची कबुतरं उडाली. त्या एवढ्याशा जिवाच्या पोटात तो आवाज उन्हाळाभर कुठे दडला होता कोण जाणे.

आता तो दोन्ही हातांनी ओढत मागे मागे सरकू लागला. कुंदा गुडघ्यांवर त्याच्या मागे. खांबाला वळसा पडला. निनाद आपल्या आईकडे बघत, उलट्या पावलांनी, रिळाच्याही पलीकडे गेला.

"आजी, तो गेला!" राही ओरडली. "तो पुढे गे..."

माईंनी तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

ओसरी संपली. पायरी आली. पायरीवरून निनाद बुडावर घसरत उतरला आणि अंगणातल्या धुळीत उभा राहिला. पट्टी ताणली गेली. वरून कुंदा उतरली, दोन्ही हात जमिनीवर टेकून. पांढऱ्या मलमलवर शेणाचे आणि राखेचे पट्टे उमटले. सलवार गुडघ्यावर फाटली, त्याचा आवाज मला ओसरीवर ऐकू आला. तिला आला की नाही, सांगता येत नाही. तिची नजर त्याच्यावर होती.

तुळशीपाशी तो दमून थांबला. ऊन आग ओकत होतं. कुंदाने घामाने आणि अश्रूंनी चिकटलेले केस बाजूला केले आणि ओसरीकडे मान वळवली.

"माई... कुठवर जायचं असं?"

माई पुन्हा गोधडीशी बसल्या होत्या. सुई डोळ्यांशी धरून त्या दोरा ओवत होत्या. दोरा काही केल्या आत जाईना.

"मला काय विचारतेस?" त्या म्हणाल्या. "पट्टी कोणाच्या हातात आहे?"