घरी राहिलेला देव

जपान देशाच्या समुद्रकाठी कामेउरा नावाचे कोळ्यांचे गाव होते. हारुनागा महाराज तिथल्या देवस्थानांचे पुजारी होते. त्या मुलखात मूर्तीचा थाट नाही. डोंगर, झरा, जुने झाड, जिथे मन आपोआप वाकते तिथे देव मानायचा, पेंढ्याचा दोर बांधायचा, पाण्याने हात-तोंड धुवायचे आणि दोन टाळ्या वाजवून देवाला हाक मारायची. एवढीच पूजा.

आपल्याकडे चातुर्मासात देव निजतात, त्यांच्याकडे दहाव्या महिन्यात देव गावाला जातात. देशभरचे देव इझुमो क्षेत्री सभेला जमतात आणि गावोगावची देवळे ओस पडतात. मागे राहतो एकटा एबिसू, कोळ्यांचा देव. जन्मतः पांगळा, म्हणून आईबापांनीच त्याला बोरूच्या काड्यांच्या होडीत घालून समुद्रात सोडले होते! त्याला ऐकूही कमी येते, त्यामुळे सभेचे बोलावणे त्याच्या कानी पडत नाही. म्हणून भक्त टाळ्या वाजवून झाल्यावर देवळाच्या मागे जातात आणि भिंत ठोठावून सांगतात, देवा, आम्ही आलो आहोत.

त्या गावात सावा नावाची एक विधवा म्हातारी जाळी विणून पोट भरायची. तिलाही कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे. एबिसूच्या देवळात तिची रोजची फेरी चुकायची नाही. गावातल्या सर्वांत मोठ्या होडीचा मालक तोकुबेई नाखवा तिला पाहून हसायचा. "बहिरीला देव मिळाला तोही बहिरा! आईबापांनी टाकलेला तो, हिला काय देणार?" सावा आपली हसून मान डोलवायची आणि लोकांना आणखी हसू यायचे.

त्या वर्षी दहाव्या महिन्यात तिला मजुरीत एक तांबडा मासा मिळाला. असा मासा तिच्या घरी वर्षातून एकदा यायचा. नाक मुरडू नका हो, कोळ्यांच्या देवाला नैवेद्य मासळीचाच! तिने तो स्वतः न खाता एबिसूपुढे ठेवला. तिची पाठ वळताच तोकुबेईने तो उचलला. "देव गावाला गेलेत, वाया कशाला घालवायचा," म्हणत घरी नेऊन भाजून खाल्ला. दुसऱ्या दिवशी ताट रिकामे पाहून सावा दारोदार सांगत सुटली, "देवाने माझा मासा घेतला!" तोकुबेई आपल्या दारात उभा राहून गालातल्या गालात हसला.

चौथ्या दिवशी सकाळी त्याचा मुलगा शिनरोकू सहा खलाशांना घेऊन समुद्रावर गेला आणि दाट धुके उतरले. खाडीच्या तोंडाशी खडक होते. त्यांवर होडी आपटली तर माणूस हाती लागत नसे. तोकुबेई मोठ्या देवळाकडे धावला, टाळ्या पिटल्या, आणि मग त्याला आठवले की आत कोणीच नाही. तो महाराजांच्या पायांवर कोसळला.

"घरी कोण आहे ते तुला ठाऊक आहे," महाराज म्हणाले. "चल."

किनाऱ्यावरच्या एबिसूच्या दाराशी महाराजांनी त्याच्या हातांवर पाणी घातले. हात धुऊन झाले. तोंड धुवायची वेळ आली, तशी ओंजळ ओठांपाशीच थांबली. याच तोंडाने आपण देवापुढचा घास खाल्ला! पाणी बोटांमधून गळून गेले. महाराजांनी पुन्हा पाणी घातले, पुन्हा तेच झाले.

"महाराज, हे तोंड धुऊन निघायचे नाही," तो पुटपुटला.

"ज्याचे खाल्लेस त्याला सांग म्हणजे निघेल."

महाराजांना सारे ठाऊक होते! पण रोजच्या फेरीला आलेली सावा शेजारीच उभी होती, त्याच्याकडे कळवळून पाहत होती. बहिऱ्या देवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिच्यासमोर कसे बोलावे? पोरगा मरणाच्या दारात आणि बापाची जीभ उचलेना. केवढी ही लाज!

महाराजांनी सावाला खूण केली. ती मागे गेली आणि मुठीने भिंत ठोकू लागली. "देवा, ऊठ! पोरं पाण्यात आहेत!" महाराज पांढऱ्या कागदी झिरमिळ्यांची काठी हलवत मंत्र म्हणत राहिले. म्हातारीची मूठ सुजली, तरी ती थांबली नाही.

दुपारी धुक्यातून होडीचे नाक दिसले. सातही जण सुखरूप! शिनरोकू उडी टाकून धावत आला. "बाबा, कुणीतरी खालून होडीचा तळ ठोठावत होतं! चुकीकडे वळलो की आवाज थांबायचा, नीट वळलो की पुन्हा ठक ठक. त्या आवाजामागे आम्ही खडकांतून बाहेर आलो."

तोकुबेईने सावाच्या सुजलेल्या मुठीकडे पाहिले. तो तिच्याजवळ गेला. "आजी, तुझा मासा मी खाल्ला."

"काय म्हणतोस? मोठ्याने बोल, बाबा."

किनारा माणसांनी भरला होता. खलाशी होते, त्यांच्या बायका होत्या, त्याचा मुलगा आणि सून होती. तोकुबेईने डोळे मिटले आणि तो ओरडला, "तो मासा देवाने नाही घेतला, आजी! मी चोरला! मी खाल्ला!"

शिनरोकूने मान खाली घातली. आपल्या पोराने आपल्यामुळे मान खाली घालावी, याहून वाईट बापाला काय असते? सावाचा चेहरा पार उतरला. आता ही शिव्याशाप देईल, देऊ दे, असे म्हणून तोकुबेई उभा राहिला.

"म्हणजे चार दिवस देव उपाशीच होता?" सावा म्हणाली. "आणि उपाशीपोटीच तुझ्या पोरासाठी पाण्यात उतरला?"

एवढे बोलून ती लगबगीने होडीकडे निघाली, खलाशांकडे देवासाठी मासा मागायला. तोकुबेईने तिच्यामागे उमटलेल्या पावलांवर, ओल्या वाळूत, कपाळ टेकले. ते तिला दिसलेही नाही.

भक्तजनहो, भुकेल्या पोटी धावणाऱ्या त्या देवाला, आणि त्याची भूक कळणाऱ्या त्या माउलीला, आपणही इथूनच हात जोडू या.