नाल्यावरची पाटी

आमच्या खारवणीत तेलाची विहीर खोदणाऱ्या रणदिवेसाहेबांना स्वतःच्या नावाच्या पाट्यांचा भारी शौक. बाकावर पाटी, बसथांब्यावर पाटी. अहो, स्मशानातल्या शेडवरसुद्धा ‘रणदिवेसाहेबांच्या सौजन्याने’!

विहिरीतून तेलाबरोबर काळं, खारट पाणी निघायला लागलं. सरपंच तानूआक्का म्हणाल्या, “साहेब, तिथंच यंत्र बसवून ते शुद्ध करा. आमची गुरं नाल्याचं पाणी पितात.”

“यंत्र कशाला? नाल्यात सोडून देऊ. काही होत नाही हो आक्का!”

“मग सोडा की! फक्त काठावर आम्ही मोठी पाटी लावतो: ‘या नाल्याचं पाणी रणदिवेसाहेबांच्या सौजन्याने.’”

साहेबांचा चहा बशीतच राहिला.

पुढच्याच महिन्यात विहिरीशेजारी यंत्र धडधडू लागलं. साहेबांची पाटी त्यावर लागली, ती एवढी मोठी की नाल्यातले मासेसुद्धा वाचतात. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा. आहेत अजून, मजेत.