घंगाळातला बाळकृष्ण

‘पाणी कमी पडतंय का, महाराज?’

डोक्यावरचं तांब्याचं घंगाळ मठाच्या ओसरीवर टेकवत रंगनाथ तांबटाने विचारलं. थेंबही सांडला नाही. एवढ्या घाईतसुद्धा त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

घंगाळाच्या तळाशी त्याच्या देवघरातला पितळी बाळकृष्ण होता. लेक वेणू तापाने फणफणली आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात हलवावं लागलं, त्याच दिवशी रंगनाथाने देव पाण्यात घातला होता. पोर बरी झाली की बाहेर काढीन, तोवर बस तिथेच! मग जप सुरू झाला. तोही असा की शेजारपाजारचे कानांत बोटं घालून बसले.

ताप मात्र हटत नव्हता.

भैरवगिर महाराज वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

‘महाराज, मी काहीतरी विचारतोय!’

‘ऐकलं.’

‘मग बोला ना. मूर्ती नुसती बुडाली की पुरे, की वर चार बोटं पाणी हवं? विहिरीचं चालतं, की नदीचंच लागतं? कुठंतरी चुकतंय माझं, म्हणूनच...’

‘घंगाळ छान घडवलंयस.’

रंगनाथाचं टाळकं सणकलं. इतकी वर्षं या माणसाचे पाय चेपले. मठातल्या सगळ्या शिष्यांत आपले उच्चार चोख, हे महाराजांनीच चारचौघांत सांगितलेलं. आणि आपल्या घराला आग लागली असताना यांना शेंगा सुचताहेत, घंगाळ सुचतंय!

‘पोर मरायला टेकलीय माझी!’ तो ओरडला.

महाराजांचा हात थांबला.

‘तिच्याजवळ कोण आहे?’

‘गोदा आहे. तिची आई.’

‘आणि तू?’

‘मी इथे आहे, दिसतोय ना तुमच्यासमोर!’ रंगनाथ वैतागून म्हणाला. ‘गोदेने मोटारीच्या ड्रायव्हरकडे निरोप दिलाय. वेणू शुद्धीवर आली की अप्पा, अप्पा करते म्हणे. लगेच या म्हणतेय.’

‘मग?’

‘मग काय मग? देव पाण्यात आहेत, महाराज! जपात खंड पडला तर? बायकांना काय कळतंय त्यातलं? इथवर आलो तेही घंगाळ डोक्यावर घेऊन, जप चालू ठेवून...’

महाराजांनी कपाळावर हात मारून घेतला.

‘अरे गाढवा...’

‘शिव्या मागाहून द्या. आधी उपाय सांगा.’

‘वेणू बरी झाली नाही, तर याला कधी काढणार?’

एवढं अभद्र! तेही गुरूच्या तोंडून!

‘नाही काढणार,’ तो दातओठ खाऊन म्हणाला. ‘राहू दे मग तिथेच. कायमचा.’

‘म्हणजे ज्या दिवशी तुला त्याच्यावाचून कोणी उरणार नाही, नेमका त्या दिवशी तो घंगाळात.’

...

रंगनाथ पाण्याकडे बघत राहिला. देवाच्या गालावर हिरवट, पुसट रेघ धरू लागली होती. ती त्याला आत्ता दिसली.

‘मला भीती वाटते, महाराज,’ तो म्हणाला. चोख उच्चार कुठल्या कुठे गेले. ‘जप मोडायची नाही. तिथे जायची. मी गेलो, आणि माझ्यादेखत तिने डोळे मिटले तर...’

‘गोदेच्या देखत मिटले तर चालेल?’

हे मात्र रंगनाथाला सोसवेना. तो ताडकन उठला.

‘तुम्हाला ना पोर ना बाळ! तुम्हाला बोलायला काय जातंय? मग करू तरी काय मी? प्रार्थनासुद्धा करू नको?’

‘केलीस कुठे अजून? ओलीस ठेवलायस त्याला.’

एवढं बोलून महाराजांनी घंगाळात हात घातला.

‘नको!’ रंगनाथाने झडप घालून त्यांचं मनगट धरलं. गुरूवर हात टाकायची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. ‘महाराज, पाया पडतो. तो बाहेर आला की ती जाईल... जाईल हो माझी पोर...’

महाराजांनी मनगट सोडवून घेतलं नाही. तसंच, रंगनाथाच्या हातासकट, मुठीतला देव वर काढला. पाणी ओसरीभर सांडलं.

खांद्यावरच्या छाटीने त्यांनी देवाचं तोंड पुसलं, पाठ पुसली. आईने न्हालेल्या पोराला पुसावं तसं. मग तो ओला देव त्यांनी रंगनाथाच्या हातात कोंबला.

‘फाट्यावर दुपारची मोटार मिळेल अजून. नीघ.’

‘आणि जप?’

‘भीती वाटते असं मला सांगितलंस ना आत्ता? तेच त्याला सांग. दवाखाना येईपर्यंत सांगत राहा.’

‘पण ती वाचेल ना, महाराज? एवढं तरी सांगा...’

महाराजांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने रंगनाथ आणखीच घाबरला.

तो पायरी उतरला आणि तिथेच थबकला. अंगठ्याएवढी मूर्ती, पण ती ओंजळीत ठरेना.

‘महाराज... हा थरथरतोय.’

‘कोण थरथरतंय ते मोटारीत बस आणि मग बघ,’ महाराज खेकसले. ‘आधी त्याला छातीशी धर!’