वाटेत विमान लागलं

“आम्ही जोडे काढणार नाही!” मानाजीराव सरकार त्या अफाट परक्या विमानतळावर खांबासारखे उभे राहिले.

हौसाबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पुढचं विमान सुटायला पन्नास मिनिटं, आणि दार तर त्याच्याही वीस मिनिटं आधी बंद होणार! मुंबईहून निघालेलं पहिलं विमान तासभर उशिरा उतरलं होतं. दुसरं विमान लागायचं ते दार पार दुसऱ्या टोकाला. मध्ये तपासणी, आणि तपासणीपुढे ही भली मोठी रांग.

पिंपळवड्याची जहागिरी गेली त्याला सत्तर वर्षं झाली होती. सरकारांचा जन्मच मुळी त्यानंतरचा, पण हे त्यांना सांगणार कोण? मुलाकडे लंडनला जायचं ठरलं, तेव्हा तिथली पोळी आपल्या घशाखाली उतरायची नाही म्हणून त्यांनी तीस वर्षं घरात रांधणाऱ्या स्वयंपाकिणीला, हौसाबाईला, बरोबर घेतलं. तिला काय, आनंदच! तिची लेक सुमन त्याच शहरात नर्स होती आणि उद्या सुमनच्या मुलीचं बारसं होतं. हे विमान चुकलं तर पुढचं परवा. म्हणजे नातीचं नाव आपल्याविनाच ठेवलं जाणार!

“सरकार, समदेच काढत्यात की जोडे!”

“सगळे काढोत. आम्ही काढतो ते फक्त देवीपुढे. आणि त्या रांगेत कुणा चड्डीवाल्याच्या मागे आम्ही उभे राहणार नाही. पळणार तर मुळीच नाही!”

“मग इमान?”

“ते तू बघ. स्वयंपाकघरात बसून साऱ्या गावाला शहाणपण शिकवतेस ना? आमच्या तिन्ही गोष्टी राखून आम्हाला विमानात बसव. मागशील ते देऊ! नाही जमलं तर इथूनच माघारी. आणि तोवर चहा आण.” एवढं बोलून सरकार बाकावर बसलेसुद्धा.

माघारी म्हटल्यावर हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पदरानं पुसलं आणि पदर कमरेला खोचला. तिनं पदर खोचला की स्वयंपाकघरातल्या पोरी चिडीचूप व्हायच्या. सरकारांना मात्र हे ठाऊक नव्हतं, कारण स्वयंपाकघरात त्यांनी कधी पाऊलच टाकलं नव्हतं.

तिच्या पिशवीत लाल फडक्यात पिंपळवड्याच्या देवीचा, यमाईचा, चांदीचा टाक होता. मुलाच्या देव्हाऱ्यासाठी सरकारांनी हौसेनं घडवून घेतलेला, आणि ओझं उचलायची सवय नसल्यामुळे हौसाबाईच्या गळ्यात घातलेला. तिनं फडकं सोडलं, टाक दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि खणखणीत आवाज दिला, “यमाईच्या नावानं चांगभलं!”

शेजारचे दोन गोरे दचकून उठले. सरकारही उठले आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. चैत्राच्या यात्रेत पिंपळवड्याची देवी निघाली की घराण्यातल्या कर्त्या पुरुषानं अनवाणी तिच्या मागे जायचं. ती थांबली की थांबायचं, पळाली की पळायचं! इतर बाबतींत सरकार कसेही असोत, ही रीत त्यांनी एकदाही चुकवली नव्हती.

“अगं, इथं? आत्ता?”

“देवी निघाली, सरकार! जोडे!”

जोडे निघाले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे जोडे स्वतः हातात घेऊन सरकार तिच्या मागे लागले. रांगेपाशी देवी थांबली, सरकारही थांबले.

“हौसा, हा चड्डीवाला आमच्या पुढे आहे!”

“तुमच्या म्होरं फक्त देवी हाय. देवीच्या म्होरं कोन, ते देवी बघून घील!”

सरकारांनी देवीवर नजर लावली. हौसाबाईची नजर मात्र भिरभिरत होती. सुमननं फोनवर दहा वेळा बजावलं होतं, की वेळ थोडा असला तर गप्प उभी राहू नकोस, पिवळी पाटी धरलेलं माणूस शोध आणि पुढच्या विमानाचा पास दाखव. पाटीवाली मुलगी दिसली. तिनं पास पाहिला, घड्याळ पाहिलं, एकदा देवीकडे पाहिलं आणि बाजूचा पट्टा सोडून दोघांना थेट पुढे घेतलं.

टाक ट्रेमध्ये बसला, जोडे दुसऱ्या ट्रेमध्ये.

“अगं, देवीला बोगद्यात घातलंस!”

“पल्याड निघती की! तुमी दारातनं या, मागं पडू नगा!”

पलीकडे हौसाबाईनं टाक उचलला, डोक्यावर धरला आणि जी सुटली! अत्तरांची दुकानं गेली, सरकते पट्टे गेले, झोपलेली माणसं उठून बघायला लागली. मागून अडुसष्ट वर्षांचे सरकार अनवाणी, मिशा सावरत, धापा टाकत! अर्ध्या वाटेवर त्यांना इतका चेव आला की तेच “चांगभलं!” म्हणून ओरडायला लागले. दार बंद करायला निघालेला माणूस तो आवाज ऐकून हातातलं काम विसरला.

विमानात बसल्यावर सरकार दोन पेले पाणी प्यायले. मग त्यांची नजर पायांकडे गेली.

“आमचे जोडे?”

“तिथंच ऱ्हायले, ट्रेमधी.”

“हौसा! जोडे काढायला लावलेस, रांगेत उभं केलंस, कोसभर पळवलंस! तिन्ही अटी मोडल्यास. बक्षीस विसर!”

“कुठं मोडल्या? जोडे देवीफुडं काढलासा. रांगंत देवीमागं हुबं ऱ्हायलासा. पळालासा तेबी देवीसाठनं. आता वाटंत इमान लागलं, त्याला मी काय करू?”

सरकार असे गडगडून हसले की हवाई सुंदरी धावत आली.

“माग! काय हवं ते माग!”

“तीन म्हैने लेकीकडं ऱ्हाते.”

“आणि आमचा चहा?”

“शिकवती की! आदी गॅस कुठनं प्येटतो ते दावते.”

“मंजूर! आणखी माग.”

“उद्या नातीच्या बारशाला या. पर घर ल्हान हाय, सरकार. जेवायला रांग आसंल. आन् जोडे दाराभाईर काढायला लागत्यात.”

सरकारांनी आपले उघडे पाय वर उचलून दाखवले. “तेवढं आम्ही आधीच करून ठेवलंय!”